पाणी जाड आहे

३ मार्च, सोमवार. दुपारी ३.४०
दहावा कॅन टाकीवर उलटा धरून उभा होतो, तेव्हा मामा म्हणाले, साहेब, सरबत करताय का?
मी शेवटचा थेंब निथळू दिला. टाकी चारशे लिटरची. त्यातलं दोनशे लिटर पाणी काढून टाकलं, दोनशे लिटर ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं रसायन, घातलं. निम्मंनिम्म. रंग सुंदर हिरवा.
आजपासून हे द्रव साच्याच्या पोटातल्या वाटांमधून फिरेल, वितळलेल्या प्लास्टिकची उष्णता घेऊन चिलरकडे जाईल, थंड होऊन परत येईल. दर बावीस सेकंदांना गोळ्यांच्या डबीचं एक झाकणपट्ट बाहेर पडेल. सात वारांची सात झाकणं. हे काम इतकी वर्षं साधं पाणी करत होतं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.
मामा या मशीनवर सव्वीस वर्षं आहेत. साच्याला हाताची मागची बाजू लावून तापमान सांगतात. माझ्याकडे थर्मामीटर आहे.
शिफ्टच्या वहीवर सही केली. सही रोजच्या रोज करायची, हा माझा नियम. वाचत बसलो नाही. माणसांवर विश्वास हवा.

४ मार्च, मंगळवार
द्रव-निवडीचा माझा अहवाल चौदा पानांचा आहे. पाणी, तेल, ग्लायकॉल. तेल बाद; ते फार गरम साच्यांसाठी. पाणी उष्णता सगळ्यांत चांगली वाहून नेतं, हे मी पान तीनवर प्रामाणिकपणे लिहिलं आहे. पण पाणी सुचवायला इंजिनिअर कशाला हवा?
ग्लायकॉलच्या कंपनीचा सेल्समन येतो, त्याला आम्ही टाय म्हणतो. टाय फार सभ्य माणूस. मला दर वाक्याला सर म्हणतो. त्याच्या तक्त्यात वरून खाली प्रमाणं होती आणि पुढे कितीला गोठेल ते आकडे. मी सगळ्यांत खालची ओळ घेतली. शून्याखाली पस्तीस अंशांपर्यंत गोठणार नाही. आपला चिलर बारा अंशांवर चालतो, या गावात पाणी गोठलेलं कुणी पाहिलेलं नाही. तरी निसर्गाचा भरवसा काय?
मामा म्हणाले, साहेब, पाणी जाड आहे. म्हटलं, मामा, त्याला पाणी म्हणू नका.

६ मार्च, गुरुवार
झाकणं किंचित वाकडी येत आहेत. कोपऱ्याला. बोटाने दाबलं की टक् असा आवाज यायला हवा, येत नाही.
नवीन द्रवाला साच्याची सवय व्हायला वेळ लागणारच. नव्या सुनेलाही लागतो.
मामांनी सायकल, म्हणजे एक झाकणपट्ट निघायची वेळ, बावीसची सव्वीस सेकंद केली. मला न विचारता. रागावलो नाही, फक्त चेहऱ्यावर दाखवलं. सही केली.

८ मार्च, शनिवार
एकतीस सेकंद. तरी रिजेक्ट मालाची सहा पोती.
मामा वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत होते. चष्मा लावून. घाई होती, खाली सही केली. सहीखाली दोन रेघा ओढल्या. त्याने वजन येतं.
घरी आईसाठी नव्या मालातली एक डबी नेली. मुलाने केलेली वस्तू. आईने सोमवार ते रविवार गोळ्या भरल्या. गुरुवारचं झाकण बसेना. म्हणाली, असू दे रे, गुरुवारी लवकर उठेन.

१० मार्च, सोमवार. सायंकाळी
मीटिंग. मॅनेजर साहेबांनी वाकडी झाकणं टेबलावर ओळीने मांडली होती. विचारलं, काय झालंय?
मी म्हणालो, प्रक्रिया स्थिर आहे. अहवाल पुढे केला. त्यांनी तो हाताने तोलला आणि बाजूला ठेवला. पुन्हा विचारलं, मग झाकणं वाकडी का?
मी एवढंच म्हणालो की मानवी घटकही तपासावा. मामा साचा लवकर उघडत असतील. वय झालं की अंदाज चुकतो. असतील म्हणालो. आहेत म्हणालो नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. नीट लक्षात ठेवायला हवा म्हणून इथे लिहून ठेवतो.

११ मार्च, मंगळवार
मामांना ग्राइंडरच्या खोलीत टाकलं. रिजेक्ट माल दळायचं काम. पत्र्याची खोली, धूळ, आणि आवाज असा की दाढा हलतात.
मामांच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. याच मशीनवरून घरी जाणार, असं ते म्हणायचे. जाताना त्यांनी मशीन पुसलं, फडकं घडी करून हँडलला अडकवलं. प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस मागून घेतला, कानात घातला. माझ्याकडे बघून म्हणाले, येतो साहेब. जसं काही गावाला चालले होते.
मी काही केलेलं नाही. निर्णय मॅनेजरांचा.

१२ मार्च, बुधवार
भूक नाही. ही म्हणाली, अहो, पोट बिघडलंय का? म्हटलं, हो.
संकल्प: रोज एक खरी गोष्ट बोलायची. लहानापासून सुरुवात करायची, म्हणजे मोठीपर्यंत पोहोचता येईल.

१३ मार्च, गुरुवार
सकाळी खरं बोललो. हिला म्हणालो, भाजी खारट झाली आहे. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, संध्याकाळची तुम्ही करा. केली. खारट झाली.
दुपारी घरून फोन. गुरुवारच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये सांडल्या होत्या, शेजारचं शुक्रवारचं झाकणही निघून त्याच्या गोळ्या त्यांत मिसळल्या होत्या. कुठली कुठल्या वाराची ते कळेना म्हणून तिने दोन्ही वारांच्या घेतल्या. दिवसभर झोपून होती. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, पण असं पुन्हा होऊ देऊ नका.
संध्याकाळी पाहिलं तर आईने डबीला रबरबँड लावलं होतं. मला म्हणाली, डबी छानच आहे रे, जरा तोंड उघडं राहतं इतकंच.
उद्या मॅनेजरांना सांगणार. नक्की.

१४ मार्च, शुक्रवार
मॅनेजर दिवसभर फोनवर होते.

१५ मार्च, शनिवार
मॅनेजर फोनवर नव्हते. पण त्यांचा मूड चांगला होता. चांगला मूड बिघडवणं बरं नाही. सोमवारी.

१७ मार्च, सोमवार
मामांच्या जागी नवा ऑपरेटर आहे. तरुण, चपळ, अंदाज शाबूत. एकतीस सेकंद. झाकणं वाकडी.
सगळे जेवायला गेल्यावर मी पंपापाशी बसून राहिलो. पूर्वी परतीच्या नळीतून धार बदाबदा पडायची. आता तुपासारखी येते. ग्लायकॉल जितकं जास्त, तितकं द्रव घट्ट, प्रवाह कमी, उष्णता साच्यातच. हे सगळं माझ्या अहवालात पान नऊवर आहे. मी लिहिलेलं आहे. याचा अर्थ मला माहीत होतं. याचा दुसरा अर्थ निघू नये म्हणून पान मिटलं.
निर्णय: कुणाला काही सांगण्याआधी परिस्थिती सुधारायची. सुधारल्यावर सांगण्यासारखं काही उरणारच नाही. मामाही आपोआप परत येतील. सगळ्यांचं भलं.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी १.२५
काम सुरू केलं. खरं तर कालच. रोज जेवणाच्या सुट्टीत दोन कॅन द्रव काढायचं, दोन कॅन पाणी घालायचं. हळूहळू पातळ. कुणाच्या लक्षात येणार नाही.
पाणी नळाचं. सॉफ्टनरचं, क्षार काढलेलं मऊ पाणी घेतलं तर नोंद करावी लागते.
काढलेलं द्रव गटारात ओतता येत नाही. तसा बोर्ड आहे. मीच लावला आहे. भरलेले कॅन स्टोअरमागे ताडपत्रीखाली ठेवले.
शर्टावर हिरवा डाग. नव्या ऑपरेटरने विचारलं, साहेब, जेवला नाहीत? म्हटलं, उपाशी राहिलं की डोकं चालतं.

२१ मार्च, शुक्रवार
दहाही कॅन भरले. जागा संपली.
पाठ धरली आहे. ही म्हणाली, खुर्चीत बसून पाठ कशी धरते? म्हटलं, जबाबदारीने.

२२ मार्च, शनिवार
स्कूटरवर पायांत दोन कॅन ठेवून घरी आणले, बाल्कनीतल्या जुन्या पाण्याच्या पिंपात ओतले, रिकामे कॅन परत नेणार. हिने विचारलं, हे हिरवं काय? म्हटलं, ऑफिसचं. ती म्हणाली, मग ऑफिसात ठेवा की. लोक ऑफिसातून पेन आणतात, वह्या आणतात.
आजची खरी गोष्ट: ऑफिसचं आहे, हे खरं होतं.

२५ मार्च, मंगळवार
संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि चप्पल फरशीला चिकटून मागेच राहिली. हिने पिंपातलं ते फरशी पुसायचं लिक्विड समजून सगळं घर पुसलं होतं. आई कॉटवर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, सुनबाईला काही बोलू नकोस, रंग तसाच असतो.
हिने बादली माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, अहो, तुम्ही काय लपवताय?
काही नाही म्हणालो. तीन वेळा फरशी पुसली. गरम पाण्याने, गुडघ्यांवर बसून. पुसताना बरं वाटलं. शिक्षा झाल्यासारखं. इतकं पुरेसं असावं.

२७ मार्च, गुरुवार
पिंप भरलं. त्यामुळे सौम्य करण्याचं काम शास्त्रीय दृष्ट्या पूर्ण झालं असं मानतो. ग्लायकॉल किती ते डोळ्याला लावून पाहायची नळी आहे, तिच्यातून पाहिलं: सतरा टक्के. सायकल चोवीस सेकंद. झाकणं जवळजवळ सरळ.
मॅनेजर साहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, बघा, माणूस बदलला आणि फरक पडला.
मी हो म्हणालो.
मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. हो बाहेर पडलं.

२९ मार्च, शनिवार
मामा गेटवर भेटले. केसांत, भुवयांवर प्लास्टिकची पांढरी भुकटी. एकदम म्हातारे दिसले. मी म्हणालो, मामा, बरे आहात ना? ते जरा मोठ्याने म्हणाले, काय? कापूस काढायचा विसरले होते. मग म्हणाले, आईला डबी दिलीत म्हणे, चांगली चालते ना?
चोराच्या मनात चांदणं. यांना कुणी सांगितलं? मग आठवलं, मीच सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात. मिरवत.
चांगली चालते म्हणालो.

२ एप्रिल, बुधवार
टाकीला वास येतो आहे. फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही की येतो तसा. बहुधा नव्या ऑपरेटरचे मोजे.

४ एप्रिल, शुक्रवार
मोजे नव्हेत.
सायकल पुन्हा तीस. साच्याची नळी सोडवली. पाणी आलंच नाही. थोड्या वेळाने एक हिरवट गोळा आला, जेलीसारखा, आणि नळीच्या तोंडाशी लोंबत राहिला. नव्या ऑपरेटरने नाक धरलं. म्हणाला, साहेब, हे जिवंत आहे का?
टायला फोन केला. तो म्हणाला, सर, माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला तळटीप आहे. मागची बाजू पहिल्यांदाच पाहिली. बारीक अक्षरांत: पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी ठेवल्यास द्रवात जंतू वाढतात, ग्लायकॉल हेच त्यांचं खाद्य.
म्हणजे निम्मंनिम्म होतं तेव्हा निदान फक्त घट्ट होतं. मी रोज उपाशी राहून जंतूंना जेवू घालत होतो.
टाय म्हणाला, सर, बारा अंशांच्या चिलरला ग्लायकॉल लागतच नाही, मला वाटलं तुमचं काही खास कारण असेल.

५ एप्रिल, शनिवार
मॅनेजरांना पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा चार पानांचा. त्यात निसर्ग, टाय, चिलर, नळाचं पाणी आणि माझं बालपण. मामांचा उल्लेख पान चारवर, कंसात.
दुसरा मसुदा दोन पानांचा. बालपण काढलं.
तिसरा चार ओळींचा. द्रव मी निवडलं. झाकणं त्यामुळे वाकडी झाली. मामांची चूक नव्हती. त्यांना मशीनवर परत घ्यावं. तिसऱ्या ओळीत कदाचित असा शब्द होता. खोडला. खोडल्यावर वाक्य फार उघडं दिसलं. पण राहू दिलं.
सोमवारी देणार. आधी मामांना सांगणार, कारण तेच योग्य.

७ एप्रिल, सोमवार. दुपारी २
ग्राइंडरच्या खोलीत गेलो. पत्र खिशात.
मामा पोत्यातली वाकडी झाकणं ओंजळीने ग्राइंडरमध्ये टाकत होते. माझीच झाकणं. मी जवळ जाऊन म्हणालो, मामा, चूक माझी होती, तुमचं नाव मी उगाच घेतलं.
मामांनी कानाकडे बोट दाखवलं. काय?
मी पुन्हा म्हणालो. तेच, थोडं मोठ्याने. पण मोठ्याने म्हणताना ते वाक्य फार लांब वाटलं.
मामा पुढे झुकले. काय?
तिसऱ्यांदा मी म्हणालो, चहा घेणार का?
मामा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवून हो म्हणाले. कॅन्टीनमधून चहा आणून दिला. उभ्याने प्यायलो.
ग्राइंडर बंद करायचं बटण माझ्या उजव्या हाताशीच होतं. लाल, मोठं. बाहेर आल्यावर लक्षात आलं.
पत्र देणं राहिलं. मामांनाच नीट सांगता आलं नाही, तर पत्र देणं हा क्रमभंग झाला असता. उद्या.

८ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४
पत्र घेऊन मॅनेजरांच्या केबिनकडे निघालो होतो. खरोखर निघालो होतो. दाराशी पोहोचलो आणि आतूनच हाक आली.
टेबलावर नळीतला तो गोळा, काचेच्या ग्लासात. शेजारी शिफ्टची वही, उघडी. साहेब म्हणाले, हे कधीपासून आहे ते पाहायला वही काढली. बसा. वाचून दाखवतो.
तीन मार्च: पाणी जाड आहे. चार मार्च: पाणी जाड, धार कमी, साचा हाताला गरम. पाच मार्च: पाणी जाड, झाकण मऊ निघतं. सहा मार्च: सायकल वाढवली, नाहीतर झाकण वाकतं. सात मार्च: साधं पाणी भरून पाहावं ही विनंती.
प्रत्येक नोंदीखाली माझी सही.
आठ मार्च: साहेब वाचत नाहीत असं दिसतं, तरी लिहितो, पाणी जाड आहे.
खाली माझी सही. दोन रेघांसकट.
मी म्हणालो, मी हे वाचलं नव्हतं. साहेब म्हणाले, मग सही कशावर केलीत? मी म्हणालो, विश्वासावर. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी पत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं. म्हणाले, तारीख पाच एप्रिल आहे, आज आठ आहे.
मी म्हणालो, देणारच होतो. खरं होतं ते. आजची खरी गोष्ट. पण केबिनमध्ये ते खरं वाटलं नाही, मलाही.
मग म्हणाले, वही मीही महिनाभर उघडली नाही, तेव्हा मामांना तोंड मलाही दाखवायचं आहे. पण मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. ते तुम्ही घेतलंत.
आदेश: टाकी रिकामी करायची, साच्याच्या वाटा धुवायच्या, सॉफ्टनरचं पाणी भरायचं, नोंद करून. रात्रपाळीचे लोक करतील. घरच्या पिंपाचं मी सांगितलं; ते आणि ताडपत्रीखालचे कॅन टायच्या कंपनीने परत न्यायचे. ताडपत्रीचंही त्यांना माहीत होतं. मामा उद्यापासून मशीनवर. रिजेक्ट माल चाळीस पोती शिल्लक आहे. तो मी दळायचा.
घरी हिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. शेवटी ती म्हणाली, आणि मामांना सांगितलंत का? म्हटलं, प्रयत्न केला. ती म्हणाली, अहो, प्रयत्न काय करायचाय त्यात? आई आतून म्हणाली, मग आता रबरबँड काढू का रे? म्हटलं, नको, आई. राहू दे.

९ एप्रिल, बुधवार
सकाळी आठला कानात कापूस घालून ग्राइंडर सुरू केला. साडेनऊला मामा दाराशी आले. हातात वही. काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही. काय, म्हणालो. ते पुन्हा म्हणाले. मी लाल बटण दाबलं. कापूस काढला.
वही आणली आहे, सही हवी, असं म्हणत होते. आजची नोंद: पाणी पातळ, साचा थंड, बावीस सेकंद, झाकण बसतं. वाचली. दोनदा वाचली. सही केली, रेघा न ओढता.
मग मी म्हणालो, मामा, चूक माझी होती, तुमचं नाव मी उगाच घेतलं.
मामा म्हणाले, ते परवाच कळलं, साहेब. सव्वीस वर्षं मशीनच्या आवाजात काढली, ओठ वाचता येतात. तिसऱ्यांदा काय म्हणताय ते बघायचं होतं.
चहा आणू का, विचारलं. नको म्हणाले. वही घेऊन गेले.
ग्राइंडर सुरू केला. जेवणापर्यंत तीन पोती झाली.